८२ रात्रींची आई



पर्युषणाचे आठ दिवस आपल्या स्थानकात अंतगड सूत्राचं वाचन होतं. त्यात देवकीमातेचा प्रसंग आला की बायकांच्या बाजूला एकदम शांतता होते. सहा तरुण मुनी दोन-दोनच्या जोडीने तीन वेळा तिच्या महालात गोचरीला येतात आणि ती भावाने सिंहकेसरी मोदक वहोरावते. सगळे एकसारखे दिसणारे, म्हणून तिला शंका येते. पुढे भगवान अरिष्टनेमींकडून कळतं की हे सहाही जण तिचेच मुलगे. ती त्यांना वंदन करायला जाते, एकटक पाहत राहते आणि तिच्या स्तनांत दूध दाटून येतं. घरी परतल्यावर ती खिन्न होऊन बसते. सात मुलं पोटी आली, पण एकाचंही बालपण वाट्याला आलं नाही, एकालाही मांडीवर खेळवता आलं नाही, हे तिचं दुःख.

तेवढ्यात श्रीकृष्ण पाया पडायला येतात. आईचा चेहरा पाहून विचारतात, आज तू अशी का दिसतेस? आणि ती सांगते. मनातलं सगळं सांगते. तूसुद्धा सहा-सहा महिन्यांनी येतोस, हेही बोलून टाकते. ते मध्येच थांबवत नाहीत.

हा भाग ऐकताना आपण डोळ्यांना रुमाल लावतो. पण आपल्याच इमारतीतल्या एखाद्या सुनेचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला तर आपण काय म्हणतो? "रडू नकोस, आर्तध्यान होतं." "तुझ्या कर्मात नव्हतं." "बरं झालं लवकर गेलं." "वर्षभरात दुसरं होईल." आणि ती आपल्या खोलीत, रात्री, पांघरूण डोक्यावर घेऊन, फोनवर कुणा अनोळखी बाईशी बोलते, कारण ती बाईही त्यातून गेलेली असते. मग घरात कुजबुज सुरू होते की सून रात्रभर मोबाइलवर असते, घरातल्या गोष्टी बाहेर सांगते.

मला आज याच गोष्टीवर लिहायचं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. गर्भ गेलेल्या स्त्रीला आपलं दुःख बोलून दाखवू देणं हे धर्माच्या विरुद्ध नाही. आणि घरात बोलता येत नसेल तर समदुःखी बायकांशी फोनवर बोलणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हे फार जणींचं होतं

लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० पूर्ण होत नाहीत. बहुतेक वेळा हे पहिल्या १२ आठवड्यांत घडतं. त्यातल्या जवळपास निम्म्या वेळी कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. तो बीज जुळतानाच झालेला असतो. पायऱ्या चढल्यामुळे, स्वयंपाकघरात उभं राहिल्यामुळे, पपईची एक फोड खाल्ल्यामुळे, स्कूटरवर बसल्यामुळे तो होत नाही. आयंबिलाच्या ओळीत एक दिवस केला म्हणूनही होत नाही आणि केला नाही म्हणूनही होत नाही.

म्हणजे तुमच्या मंडळाच्या सामायिकाला ३० बायका बसत असतील, तर त्यातल्या कित्येक जणी यातून गेलेल्या असणार. पण एकीला दुसरीचं माहीत नसतं. याला आपली एक पद्धत कारणीभूत आहे. तीन महिने पूर्ण होईपर्यंत गोड बातमी सांगायची नाही, असं आपण पाळतो. त्यामागे काळजी आहे, मान्य. पण बातमीच सांगितलेली नसते, त्यामुळे ती गेल्याचंही सांगता येत नाही. जेमतेम चार माणसांना ठाऊक असलेलं दुःख चार माणसांतच दाबून टाकलं जातं. भेटायला कोणी येत नाही, उठावणं नाही, एक लोगस्स म्हणून कायोत्सर्ग करू या असंही कोणी म्हणत नाही. आठ दिवसांनी ती पुन्हा पोळ्या लाटत असते आणि सगळ्यांना वाटतं, सावरली.

त्यातच पाळायचे दिवस. रक्तस्राव सुरू असेपर्यंत स्थानकात जायचं नाही, सूत्राचं पुस्तक हातात घ्यायचं नाही. प्रत्येक घराची रीत वेगळी, आणि त्या रीतींवर वाद घालायला मी बसलेले नाही. एवढंच सांगते की ज्या दिवसांत बाईला धर्माच्या आधाराची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत ती घराच्या एका कोपऱ्यात एकटी असते. मनातल्या मनात नवकार म्हणायला कुठल्याही घरात मनाई नाही, हे तरी तिला कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं.

एक शब्द फार टोचतो

आपल्या मराठीत मूल आपणहून गेलं तरी गर्भपात आणि कोणी करवून घेतला तरी गर्भपातच. लहानपणापासून आपण गर्भपात हे महापाप असं ऐकत आलो. दवाखान्याच्या कागदावर तर इंग्रजीत ॲबॉर्शन असंच लिहिलेलं असतं, कारण डॉक्टरांच्या भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही तोच शब्द आहे. ज्या मुलीने कांदा-बटाटा सोडलाय, जी पाणी गाळून पिते, चातुर्मासात रात्री तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही, ती आपल्या फाइलवर तो शब्द वाचते. मग पिशवी साफ करायच्या कागदावर सही करताना तिचा हात थरथरतो. आपण पंचेंद्रिय जीवाची हिंसा केली का, हा प्रश्न तिच्या मनात घर करून बसतो. हा प्रश्न ती सासूबाईंना विचारू शकत नाही, आणि महासतीजींना विचारायचा तर संकोच वाटतो.

म्हणून स्पष्ट लिहिते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे. प्रमत्त योगाने, म्हणजे प्रमादाने, कषायाच्या भरात, दुसऱ्याचे प्राण हरण करणं ही हिंसा. जिने त्या जीवासाठी रोज एक-एक दिवस मोजला, तिच्या बाबतीत प्रमाद कुठून आणणार? सोनोग्राफीत ठोके थांबल्याची खात्री झाल्यावर पिशवी साफ केली, तेव्हा तिथे जीव उरलेलाच नव्हता. त्याचं आयुष्य कर्म तिथे पूर्ण झालं होतं. हे तिला एकदा नाही, दहा वेळा सांगावं लागतं. तिच्याशी बोलताना "मिसकॅरेज झालं" किंवा "गर्भ राहिला नाही" एवढं म्हटलं तरी चालतं. गर्भपात हा शब्द टाळता येतो.

कर्माचा हिशेब आपल्याकडे नाही

"तुझ्या पूर्वकर्माचा उदय." हे वाक्य आपण फार सहज बोलतो आणि ते बोललं की आपल्याला वाटतं आपण धर्म सांगितला.

कर्म सिद्धांतावर माझी पूर्ण श्रद्धा आहे, म्हणूनच मला हे वाक्य खटकतं. कोणत्या जीवाच्या कोणत्या कर्माचा कोणत्या क्षणी उदय आला, हे केवळी भगवंत जाणतात. आपण नाही. त्या जीवाचं आयुष्य कर्म त्याचं स्वतःचं होतं. आईने मागच्या भवात काय केलं ते तुम्हाला कुणी सांगितलं? जे आपल्याला माहीत नाही ते ठामपणे दुसऱ्याच्या माथी मारणं, याला आपल्या अठरा पापस्थानकांत नाव आहे. तेरावं, अभ्याख्यान. त्यानंतर तिच्या पाठीमागे चार जणींत "हिचं दुसऱ्यांदा झालं हं" अशी चर्चा करणं, त्यालाही नाव आहे, पैशुन्य आणि परपरिवाद. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात आपण ही नावं घेतो.

त्याच तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असाता वेदनीय कर्म कशाने बांधलं जातं ते सांगितलंय. स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख देणं, शोक करायला लावणं, आक्रंदन करायला लावणं ही त्याची कारणं. आणि लगेच पुढे साता वेदनीयाची कारणं येतात, त्यात सगळ्यात आधी आहे प्राणिमात्रांबद्दल अनुकंपा. आता सांगा, त्या मुलीच्या कर्माचा हिशेब मांडणारीने त्या क्षणी स्वतः काय बांधलं?

आर्तध्यानाचं भय

यावर एखादी जाणती आजी म्हणेल की शोक करण्याने स्वतःलाही असाता बांधली जाते, म्हणून तर आम्ही तिला रडू देत नाही. हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

प्रिय गोष्टीचा वियोग झाल्यावर तिचंच सतत चिंतन करणं, हा आर्तध्यानाचा प्रकार आहे. ते सोडायचं आहे, यात वाद नाही. पण हे ध्यान कुणाला होतं ते सूत्रकार सांगतात. व्रत न घेतलेल्यांना, अणुव्रती श्रावकांना आणि सहाव्या गुणस्थानावरच्या प्रमत्त संयत साधूंनाही. म्हणजे घरदार सोडून पंचमहाव्रत घेतलेल्या साधूच्याही मनात जे येऊ शकतं, ते २६ वर्षांच्या मुलीच्या मनात दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी येऊ नये, अशी आपली अपेक्षा!

आणि गप्प बसवल्याने आर्तध्यान थांबतं का? ध्यान मनात चालतं. तोंड बंद केलं तर ते आतल्या आत जास्तच घुमतं. सर्वार्थसिद्धी टीकेत पूज्यपाद आचार्यांनी सहाव्या अध्यायाच्या याच ठिकाणी एक दृष्टांत दिलाय. एका साधूच्या अंगावरचं गळू वैद्य फोडतो. दुखतं खूप. पण वैद्याच्या मनात करुणा आहे, राग-द्वेष नाही, म्हणून केवळ वेदना झाली एवढ्यावरून त्याला पाप लागत नाही. मला वाटतं, दुःखी बाईला बोलतं करणं हे तसंच आहे. बोलताना ती रडेल, त्या वेळी जास्त दुखेल. पण पू बाहेर पडल्याशिवाय जखम भरत नाही. वरून स्वच्छ पट्टी बांधून ठेवली म्हणजे ती बरी झाली असं नव्हे.

फोनवरच्या त्या बायका

आता मोबाइलकडे येते.

मी स्वतः या वाटेने गेले आहे, साडेचार महिन्यांवर. बाकी हकीकत सांगत नाही, एकच गोष्ट सांगते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली आणि दूध येऊ लागलं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज देताना गोळ्या, पथ्य, पुढची तारीख, सगळं सांगितलं, हे सोडून. घरात कुणाला विचारायचं? रात्री दीड वाजता व्हॉट्सॲपवरच्या एका छोट्या गटात मी दोन ओळी टाकल्या. नागपूरच्या एका बाईचं पाच मिनिटांत उत्तर आलं. घाबरू नकोस, चौथा-पाचवा महिना असेल तर असं होतं, दाबून काढू नकोस, गार पाण्याची पट्टी ठेव, घट्टसर कपडा घाल, सकाळी डॉक्टरांना फोन कर, त्यावर गोळी असते. आणि शेवटी एक वाक्य होतं, मला पण आलं होतं आणि मी पण अशीच रडले होते. मी तिला आजपर्यंत पाहिलेलं नाही.

ते दूध येणं माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं, कारण पोटात कुणी नाही हे शरीराला कळलंच नव्हतं. देवकीमातेचा प्रसंग त्यानंतर मी वेगळ्याच कानांनी ऐकला. सूत्रकारांनी ती गोष्ट गाळली नाही, झाकली नाही. भर सभेत वाचायच्या आगमात ती लिहून ठेवली.

अशा गटांबद्दल आपल्याकडे तीन तक्रारी ऐकू येतात. एक, घरातली गोष्ट परक्यांना कशाला. माझं उत्तर असं की घरात ऐकणारं कुणी असतं तर ती तिकडे गेलीच नसती. शिवाय परकेपणाच इथे उपयोगी पडतो. त्या बाईला तुमच्या सासरचं नाव माहीत नाही, ती उद्या कुणाच्या लग्नात भेटणार नाही, धाकट्या नणंदेच्या स्थळावर त्याचा परिणाम होणार नाही. आपला समाज लहान आहे, एका गावातली गोष्ट दुसऱ्या गावात पोचायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. अशा समाजात अनोळखी कान ही सोय आहे.

दुसरी तक्रार, सारखं तेच वाचून दुःख वाढतं. हे काही जणींच्या बाबतीत खरं आहे. रोज नव्या बाईची कहाणी वाचून आपली जखम पुन्हा उघडत असेल, तर आठवडाभर गट बंद ठेवावा. एक खूण सांगते. गटातून बाहेर आल्यावर श्वास मोकळा वाटतो की छाती आणखी जड होते? जड होत असेल तर तो गट आपल्यासाठी नाही, किंवा आत्ता नाही.

तिसरी तक्रार, तिथे कुणीही काहीही सांगतं. हीसुद्धा खरी आहे, आणि म्हणूनच थोडे नियम हवेत. चांगल्या गटात औषधाचं नाव आणि डोस सांगत नाहीत, डॉक्टरांकडे पाठवतात. दोरे, ताईत, पुत्रप्राप्तीची पुडी विकणाऱ्याला लगेच बाहेर काढतात. सोनोग्राफीचे फोटो न विचारता टाकत नाहीत. एखादीला पुन्हा दिवस गेले तर ती बातमी वेगळी, आधी सावध करून सांगतात. इथलं बोललेलं बाहेर जात नाही, स्क्रीनशॉट काढत नाहीत. गट ५०० जणींचा असण्यापेक्षा १५-२० जणींचा बरा. आणि खरं नाव, पत्ता, रिपोर्टवरचा नंबर कुठेही देऊ नये.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचं. दिवस मोजायचं ॲप फोनमध्ये असेल, तर ते दर आठवड्याला बाळ आता लिंबाएवढं झालं, संत्र्याएवढं झालं असे संदेश पाठवतच राहतं. बऱ्याच ॲपमध्ये गर्भ राहिला नाही अशी नोंद करून संदेश थांबवायची सोय असते. तिला स्वतःला ते करवत नाही. नवऱ्याने, बहिणीने, जावेने तिच्या परवानगीने ते करून द्यावं. असली सेवा पाय दाबण्यापेक्षा कमी नाही.

घराने काय करावं

फोनवरच्या बायका घराची जागा घेऊ शकत नाहीत. तापात कपाळावर हात ठेवायला, मुगाची खिचडी करून द्यायला घरचंच माणूस लागतं. म्हणून सासूबाईंना, जाऊबाईंना, नणंदांना माझी हात जोडून विनंती आहे.

पहिल्यांदा विचारा. श्रीकृष्णांनी विचारलं तसं, काय झालं, कसं वाटतंय. उत्तर आलं की ऐका. मध्ये आपली, मावशीची, शेजारणीची गोष्ट घालू नका. काही सुचत नसेल तर "मला फार वाईट वाटलं" एवढं म्हणून शेजारी बसा.

यावर कुणी म्हणेल, श्रीकृष्णांनीही शेवटी देवाची आराधना करून आईला आणखी एक मुलगा मिळेल असंच पाहिलं, मग आम्ही दुसरं होईल म्हटलं तर काय चुकलं? पण क्रम पाहा. आधी विचारलं, मग ऐकलं, मग तिच्या मनात काय आहे ते तिच्याच तोंडून कळलं, आणि त्यानंतर तीन दिवसांचा तेला करून स्वतः कष्ट घेतले. आपण पहिल्या तीन पायऱ्या गाळतो आणि चौथीवर जाऊन उभे राहतो, तेही नुसत्या शब्दांनी. पुढे गजसुकुमाल आले, पण त्यांच्यामुळे आधीचे सहा जण देवकीच्या मनातून पुसले गेले, असं सूत्रात कुठेही नाही.

तिला विश्रांती द्या. नोकरी करणाऱ्या स्त्रीला गर्भ गेल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा देण्याची तरतूद आपल्या देशात १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. सरकारने जे ६० वर्षांपूर्वी ओळखलं, ते आपल्या स्वयंपाकघराने ओळखायला काय हरकत आहे? तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. पुढच्या डोहाळजेवणाला, बारशाला यायचं की नाही हे तिला ठरवू द्या. आली नाही तर तिला अपशकुनी म्हणू नका आणि आली तर कोपऱ्यात उभी करू नका. आणि तुमच्या मुलाकडेही बघा. त्यानेही काहीतरी गमावलेलं असतं, पण त्याला सगळे फक्त "ती कशी आहे" एवढंच विचारतात.

बोलणं पुरेसं नसेल तेव्हा

दोन आठवडे उलटून गेले तरी झोप नाही, जेवण जात नाही, अंघोळ करावीशी वाटत नाही, सगळं व्यर्थ वाटतं, तर गट आणि घर दोन्ही पुरत नाहीत, डॉक्टर लागतात. आणि जगू नये असा विचार एकदा जरी मनात आला, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर. फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. हा नंबर गॅस बुकिंगच्या नंबराशेजारी फ्रिजवर चिकटवून ठेवा. मनाच्या डॉक्टरकडे जाणं ही श्रद्धेतली उणीव नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना आपण कधी असा विचार करतो का?

भगवंतांनी तिला काय म्हटलं

शेवटी दोन स्त्रियांची आठवण करून देते. पहिली सुलसा. सोळा सतींमधली नव्हे, भद्दिलपूरच्या नाग गाथापतीची पत्नी. देवकीच्या त्याच कथेत ती आहे. हिला मेलेली मुलं होतील असं एका निमित्तज्ञाने तिच्या लहानपणीच सांगून टाकलं होतं. म्हणजे मुलगी अजून खेळण्यांशी खेळत होती आणि लोकांनी तिच्यावर शिक्का मारला होता. आपण कथा ऐकताना देवकीसाठी रडतो, सुलसेकडे लक्ष जात नाही. पण हरिणैगमेषी देवाचं लक्ष गेलं. त्याने जे केलं ते सुलसेबद्दलच्या अनुकंपेने केलं, असं खुद्द सूत्र सांगतं. बाकीच्यांना तिच्यात अपशकुन दिसला, देवाला तिचं दुःख दिसलं.

दुसरी देवानंदा. मंदिरमार्गी मैत्रिणी तिची कथा कल्पसूत्रात ऐकतात. भगवान महावीरांचा जीव आधी तिच्या उदरी आला. तिला चौदा स्वप्नं पडली. ८२ रात्री झाल्यावर तो गर्भ तिच्या उदरातून त्रिशलामातेच्या उदरी नेला गेला, आणि त्या रात्री आपली स्वप्नं कोणी हरण करून नेल्याचं तिने पाहिलं. ८२ रात्री म्हणजे पावणेतीन महिने. आपण ज्याला "काय, नुसता तिसराच तर होता" म्हणतो, तेवढाच काळ.

पुढे भगवती सूत्रात तिचा प्रसंग येतो. केवळज्ञान झाल्यावर भगवंत तिच्या गावी येतात. ती दर्शनाला जाते. त्यांना पाहताच तिच्या स्तनांतून दूध वाहू लागतं, अंगावर रोमांच येतात. इतक्या वर्षांनी. गौतमस्वामी विचारतात, भंते, असं का झालं? भर सभेत भगवंत सांगतात की ही माझी माता आहे आणि मी तिचा पुत्र.

तिने त्यांना जन्म दिला नव्हता. पाळण्यात घातलं नव्हतं, नाव ठेवलं नव्हतं. तिच्यापाशी होत्या फक्त ८२ रात्री. आणि सर्वज्ञ भगवंतांनी तिला आईच म्हटलं.

मग आपण कोण, "अजून आई झालीच कुठे होती" म्हणणारे?

या पर्युषणात देवकीमातेचा प्रसंग ऐकून डोळे पुसाल, तेव्हा आपल्या आसपास अशी एखादी आहे का ते आठवून पाहा. असेल तर तिच्याकडे जा. फार दूर असेल तर तिला फोन करा, फोनही अवघड वाटत असेल तर एक ओळ लिहून पाठवा. आणि हे वाचणारी तूच ती असशील, तर तुझ्यासाठी एवढंच, तू आई आहेस. रड, बोल, जिला सांगावंसं वाटतं तिला सांग, आणि सावकाश उठ.

जय जिनेंद्र.